मुलाच्या वर्तणुकीची रेषा



शाळा सोडल्याचा दाखला बहुतेकांच्या घरी ट्रंकेत किंवा कपाटातल्या एखाद्या पिशवीत जपून ठेवलेला असतो. आज रात्री तो काढून एकदा पाहा. नाव, आईचे नाव, जन्मतारीख, शाळेत आल्याची तारीख, सोडल्याची तारीख, असे रकाने त्यावर आहेत. त्यांतच दोन लहान रकाने आहेत : 'अभ्यासातील प्रगती' आणि 'वर्तणूक'. या दुसऱ्या रकान्यात बहुतेक सर्व दाखल्यांवर एकच शब्द सापडेल, 'चांगली'. मूल सहा वर्षांचे असताना शाळेत आले, तेरा-चौदा वर्षांचे होऊन बाहेर पडले. मधल्या काळात ते रडले, भांडले, कोणाच्या पाठीत गुद्दा घातला, कोणाची वही फाडली, पुढे समजूतदार झाले किंवा झाले नाही. या साऱ्याचा कागदावर उरला तो एक शब्द.

हा शब्द तसा निरुपद्रवी आहे. मुख्याध्यापक भले असतात. पोराचे पुढे अडू नये म्हणून 'चांगली' लिहून मोकळे होतात. अडचण निराळीच आहे. कागदावर न लिहिलेला दुसरा एक शब्द मुलाच्या मागोमाग तोंडातोंडी प्रवास करीत असतो. "पोरगा वांड आहे, जरा सांभाळा." हा शब्द पुष्कळदा दाखल्याच्या आधी नव्या शाळेत पोचतो.

भुसावळजवळच्या दीपनगरला हे विशेष दिसते. औष्णिक वीजकेंद्राची ती वसाहत. नोकरी बदलीची. कोणी कोराडीहून येतो, कोणी परळीला जातो, कोणाला चंद्रपूरची ऑर्डर येते. बापाबरोबर पोरांच्या शाळाही बदलतात. तिथल्या एक भगिनी मला एकदा भेटल्या. मुलगा तिसरीत, नव्यानेच शाळेत घातलेला. पहिल्याच महिन्यात त्याने एका मुलाला कंपासपेटी फेकून मारली. मागच्या शाळेतून 'तो' शब्द येऊन पोचलेलाच होता. झाले! मुलाला शेवटच्या बाकावर एकट्याला बसविण्यात आले. बाई मला म्हणाल्या, "सर, मारलं हे चूकच. पण पहिलीत हा रोज कोणाला ना कोणाला मारून यायचा. दुसरीत आठवड्याला एखादं भांडण. आता महिन्याला एक. हे कोणी विचारतच नाही हो!"

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवितो. या विषयातला एक अवघड प्रश्न त्या माउलीने चार वाक्यांत मांडला. मूल आज कसे वागते हे एक, आणि ते कुठून कुठे चालले आहे हे दुसरे. पहिल्याला एक आकडा पुरतो. दुसऱ्याला रेषा लागते. ती रेषा कशी काढतात आणि काढताना कुठे फसगत होते, तेवढे आज सांगावयाचे आहे.

प्रथम वागणुकीबद्दल थोडे. मुलांच्या अडचणी ढोबळ मानाने दोन वाटांनी जातात. काही मुले आतल्या आत कुढतात, घाबरतात, गप्प होतात, पोट दुखते म्हणून शाळा चुकवितात. काहींची अडचण बाहेर उमटते : मारामारी, आदळआपट, उलट उत्तरे, एका जागी न बसणे, खोटे बोलणे, वस्तू पळविणे. अशी विभागणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस आकेनबाख यांनी १९६६ साली मांडली आणि ती पुढे जगभर रूढ झाली. कुढणाऱ्या मुलाकडे कोणाचे लक्षच जात नाही, हा एका स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. आज आपण बाहेर उमटणाऱ्या वागणुकीपुरते बोलू.

ही वागणूक मोजायची कशी? दूध लिटरने मोजतात, कापूस क्विंटलने. दांडगाईला माप नाही. म्हणून प्रश्नावली वापरतात. इंग्लंडमधील डॉक्टर रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत २५ विधाने आहेत. त्यांपैकी पाच चिडण्या-भांडण्याविषयी व पाच चंचलपणाविषयी आहेत. प्रत्येकाला तीन उत्तरे : लागू नाही, थोडे लागू, पुरेपूर लागू. त्यांना ०, १ आणि २ गुण द्यायचे. या दहा विधानांची बेरीज केली की ० ते २० मधला एक आकडा मिळतो. जितका मोठा, तितका उपद्रव अधिक.

पण हा आकडा म्हणजे ताप मोजायचा थर्मामीटर नव्हे. तो कोणीतरी माणूस भरतो. आकेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ११९ अभ्यास एकत्र करून असे पाहिले की आईबाप आणि शिक्षक यांच्यासारख्या, मुलाला वेगवेगळ्या ठिकाणी पाहणाऱ्या माणसांची मते कितपत जुळतात. संपूर्ण जुळली तर एक, काहीच संबंध नसला तर शून्य, अशा मापावर उत्तर आले सुमारे ०.२८. इतके कमी! याचा अर्थ कोणी खोटे बोलते असा नाही. आजीच्या देखत शहाण्यासारखा वागणारा नातू वर्गात पन्नास पोरांच्या गर्दीत निराळा असू शकतो. गुरुजी म्हणतात ते खरे, आई म्हणते तेही खरे. म्हणून रेषा काढताना मध्येच माणूस बदलला, म्हणजे पहिलीत आईने आकडा भरला आणि तिसरीत गुरुजींनी, तर रेषेतला चढ मुलाचा की पाहणाऱ्याचा, हे सांगता येत नाही. दीपनगरच्या मुलाच्या बाबतीत नेमके हेच झाले. शाळा बदलली तसा पाहणारा बदलला, आणि नवा पाहणारा आधीच कानभरणी झालेला.

आता वही-पेन्सिल हाताशी असेल तर घ्या. समजा, एका शाळेत तीन मुले आहेत. अ, ब आणि क. पहिलीपासून पाचवीपर्यंत दरवर्षी एकाच बाईंनी त्यांचे आकडे भरले. अ चे आकडे असे : १३, ११, ८, ५, ३. ब चे : ३, ५, ८, ११, १३. आणि क चे : ८, ७, ८, ९, ८. तिघांच्या पाच वर्षांची बेरीज करा. प्रत्येकाची ४०, म्हणजे सरासरी ८. आणखी एक गंमत पाहा. तिसरीच्या वर्षी तिघेही बरोबर ८ वर आहेत. त्या वर्षी कोणी साहेब तपासणीला आले असते तर म्हणाले असते, तिघे सारखेच. वर्गाची सरासरी काढली तर तीही पाचही वर्षे ८ च्या आसपास. म्हणजे शाळेत काही घडतच नाही. वस्तुतः एक पोरगा सावरतो आहे, एक घसरतो आहे आणि एक जिथल्या तिथे आहे. ज्याला हात द्यायला हवा तो ब. पण पहिलीत त्याचा आकडा सर्वांत चांगला होता, त्यामुळे त्याच्याकडे कोणी पाहिलेच नसणार.

संख्याशास्त्रात अशा वेळी 'प्रतिमान' तयार करतात. शब्दाने बिचकू नका. घर बांधण्याआधी गवंडी जमिनीवर फक्कीने आखणी करतो. ती आखणी म्हणजे घर नव्हे, पण भिंत कुठे येणार, दार कुठे येणार, ते तिच्यावरून कळते. प्रतिमान म्हणजे आकड्यांची अशी आखणी. वर्तणुकीच्या प्रतिमानात प्रत्येक मुलाच्या तीन गोष्टी धरतात. सुरुवात कुठून झाली. दरवर्षी किती चढ किंवा उतार आहे. आणि त्या रेषेच्या वरखाली किती हेलकावे आहेत. आपल्या उदाहरणात अ ची सुरुवात १३ आणि उतार वर्षाला सुमारे अडीच गुणांचा. ब ची सुरुवात ३ आणि चढ तेवढाच. क ला चढही नाही, उतारही नाही, थोडा हेलकावा आहे. मग साऱ्या मुलांची मिळून एक मधली रेषा काढतात आणि एकेका मुलाची रेषा तिच्यापासून किती दूर, किती तिरपी, ते मोजतात. सरासरी रेषेपेक्षा हे अंतर आणि हा तिरपेपणाच शिक्षकाच्या अधिक कामाचा.

हेलकावा आणि उतार यांतला फरक शेतकऱ्याला सांगायला नको. रावेर-यावलकडच्या केळीवाल्याला विचारा. विहिरीचे पाणी मे महिन्यात खाली जाते, पावसाळ्यानंतर वर येते. मे महिन्यात वाकून पाहणारा म्हणेल विहीर आटली, ऑक्टोबरात पाहणारा म्हणेल भरली आहे. दोघेही हेलकावाच पाहतात. दर मे महिन्याची पातळी दहा वर्षे लिहून ठेवणाऱ्यालाच कळते की पाणी खरोखर खोल चालले आहे की नाही. मुलांच्या बाबतीतही परीक्षेचे दिवस, घरातले आजारपण, बापाची रात्रपाळी, बहिणीचे लग्न, असे सतरा हेलकावे असतात.

एक आकडा सोडून अख्खी रेषा हेच एक निरीक्षण धरावयाचे, या विचाराला आपल्या माणसांचा मोठा हातभार लागला आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी आपल्याला इतिहासकार म्हणून माहीत असतात. जन्म १९०७ सालचा, गोव्यातला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवीत. तिथे असतानाच १९४३ साली त्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात आकड्यांऐवजी वक्ररेषांचेच संख्याशास्त्र कसे करावे याची मांडणी होती. पुढे १९५८ साली सी. आर. राव यांनी वाढीच्या रेषा एकमेकींशी कशा ताडून पाहाव्यात यावर निबंध लिहिला. आज मुलांच्या वर्तणुकीच्या रेषा काढणारे जगभरचे संशोधक त्या निबंधाला आपल्या शास्त्राच्या मूळ आधारांपैकी एक मानतात. राव २०२३ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी वारले. त्यांचे नाव आमच्या विद्यार्थ्यांना सूत्रांमुळे पाठ असते, पण त्या सूत्राचा आपल्या गल्लीतल्या पोराशी काही संबंध आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

आता एक शंका येईल. गुरुजींकडे एखाद्या मुलाच्या दोनच नोंदी असल्या तर? दोन बिंदूंतून रेषा काढता येते, पण तिच्यावर विसंबायचे किती? या प्रश्नाचे उत्तर गोठ्यातून आले म्हटले तर आश्चर्य वाटेल. एकाच वेताचे दूध मोजलेल्या गाईवरून तिची प्रत ठरवावी काय, हा पशुपैदाशीतला जुना प्रश्न. अमेरिकेत चार्ल्स हेंडरसन यांनी १९५० च्या सुमारास त्यासाठी एक रीत बसविली. नोंदी थोड्या असतील तर त्या गाईचा अंदाज कळपाच्या सरासरीकडे ओढून घ्यावयाचा; नोंदी वाढत जातील तसतसा तिचा स्वतःचा आकडा अधिक मानावयाचा. मुलांच्या प्रतिमानातही हीच रीत चालते. नव्या शाळेत आलेल्या, एकदाच मारामारी केलेल्या मुलाविषयी हे गणित म्हणते : सध्या तो इतर मुलांसारखाच समजा, थोडे लक्ष ठेवा, आणखी नोंदी येऊ द्या. पहिल्याच महिन्यात शेवटचा बाक या गणितात बसत नाही.

याहून मोठी फसगत छडीच्या बाबतीत होते. तिच्यावर जरा थांबू या.

क ची रेषा सपाट आहे, पण समजा दर आठवड्याला तो ५ ते ११ च्या दरम्यान हेलकावतो. गुरुजींचा हात केव्हा उठतो? ज्या आठवड्यात तो ११ वर जातो तेव्हा. पुढच्या आठवड्यात तो ८ च्या आसपास येतो. छडी मारली नसती तरी आला असता, कारण त्याची नेहमीची जागाच ती. पण गुरुजी काय पाहतात? मारले आणि सुधारला. उलट ५ च्या आठवड्यात ते त्याचे कौतुक करतात आणि पुढच्या आठवड्यात पोर पुन्हा ८ वर जाते. गुरुजी म्हणतात, बघा, कौतुक केले की शेफारतो. वीस वर्षांच्या नोकरीत हे शेकडो वेळा दिसते आणि समज पक्की होते. गुरुजी प्रामाणिक आहेत. डोळ्यांनी पाहिलेलेच सांगतात. तरी निष्कर्ष चुकीचा.

अगदी हाच अनुभव डॅनिएल कानेमन या मानसशास्त्रज्ञांना इस्रायलच्या विमानदलात आला. वैमानिकांना शिकविणारा एक अधिकारी त्यांना म्हणाला की शाबासकी दिली की पुढचे उड्डाण बिघडते आणि ओरडले की सुधारते. टोकाचे निरीक्षण पुढच्या खेपेस मध्याकडे परतते, हा नियम फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईबापांच्या आणि त्यांच्या मुलांच्या उंचीवरून दाखविला होता. फार उंच आईबापांची मुले उंच असतात, पण सरासरीने पाहता आईबापांइतकी नाहीत. छडीच्या यशाचा पुष्कळसा भाग या नियमाचा आहे.

मग छडीचा खरा परिणाम काय? एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ साली आईबापांच्या मारण्यावरचे ७५ अभ्यास एकत्र केले. सुमारे १ लाख ६० हजार मुलांची माहिती त्यांत होती. मार खाणाऱ्या मुलांत दांडगाई कमी आढळली नाही. थोडी अधिकच आढळली. अर्थात यावर कोणी म्हणेल की दांडगट मुलेच जास्त मार खातात, तेव्हा कारण कोणते आणि परिणाम कोणता? शंका रास्त आहे. म्हणूनच एकदा मोजून भागत नाही. मार आणि वागणूक या दोन्ही रेषा वर्षानुवर्षे शेजारी शेजारी काढाव्या लागतात आणि आधी काय वाढले ते पाहावे लागते. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मारणे आणि मानसिक त्रास देणे या दोन्हींस मनाई केली आहे. शेवटचा बाक हा मानसिक त्रास आहे की नाही, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

आता सातासमुद्रापलीकडचे एक मोठे काम पाहू. कॅनडातील मॉन्ट्रियल शहराच्या गरीब वस्त्यांत रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी १९८४ साली बालवर्गातले १०३७ मुलगे निवडले. त्यांच्या शिक्षकांनी सहाव्या वर्षी आणि पुढे दहाव्यापासून पंधराव्या वर्षापर्यंत नोंदी भरल्या. मारामारी किती करतो, दुसऱ्याला धमकावतो का, वगैरे. डॅनिएल नेगिन या संख्याशास्त्रज्ञाने त्या सर्व रेषा एकत्र घेऊन विचारले, सारख्या वाटेने जाणाऱ्या रेषांच्या किती जुड्या बांधता येतील? १९९९ साली दोघांनी उत्तर प्रसिद्ध केले : चार. काही मुलगे जवळजवळ कधीच मारामारी न करणारे. निम्म्याच्या आसपास थोडी करून सोडून देणारे. चतुर्थांशाहून काही अधिक असे, की सुरुवातीला पुष्कळ दांडगे आणि पुढे हळूहळू शांत होणारे. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत वरच राहणारे? सुमारे ४ टक्के.

हा आकडा मी वर्गात सांगतो तेव्हा शिक्षक-विद्यार्थी चमकतात. सहाव्या वर्षी वांड दिसणाऱ्या मुलांपैकी फारच थोडे पंधराव्या वर्षी तसे राहिले. ट्रेम्ब्ले यांनी पुढे अधिक लहान मुलांकडे पाहिले तेव्हा दिसले की मारणे, चावणे, ओढणे हे सर्वांत जास्त दोन ते चार वर्षांच्या वयात असते. अंगणवाडीच्या सेविकांना हे नवीन नाही. दोन वर्षांचे पोर जितक्या वेळा हात उगारते तितक्या वेळा मोठ्या माणसाने उगारला तर तो गावात राहू शकणार नाही. म्हणजे मारायला कोणी शिकवावे लागत नाही. न मारता मागणे, थांबणे, बोलून भांडणे, हे शिकावे लागते, आणि बहुतेक मुले ते शिकतात. काहींना दोन वर्षे जास्त लागतात.

याच सुमारास न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरातही एक अभ्यास चालू होता. १९७२-७३ साली जन्मलेली मुले. संख्या योगायोगाने तिथेही १०३७. तेरी मॉफिट यांनी १९९३ साली दाखविले की काहींची वाट बालपणापासून वाकडी असते, तर पुष्कळांचे वागणे ऐन पौगंडावस्थेत बिघडते आणि वय वाढले की ओसरते. आठवी-नववीच्या वर्गशिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे.

मात्र या जुड्यांबद्दल एक इशारा दिला पाहिजे. जुड्या या आपल्या सोयीसाठी बांधलेल्या असतात. डॅनिएल बावर आणि पॅट्रिक करन यांनी २००३ साली दाखवून दिले की मुळात वेगळे गट नसले, आकडे नुसते एका बाजूला झुकलेले असले, तरी हे गणित गट काढून दाखविते. 'हा चौथ्या गटातला' असे सहा वर्षांच्या मुलाला कोणीही म्हणू शकत नाही. पंधराव्या वर्षापर्यंतची रेषा हाती आल्यावर मागे वळून म्हणता येते. आपल्या समाजाला माणसांच्या जुड्या बांधून त्यांवर चिठ्ठ्या चिकटविण्याची सवय फार, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आपल्या देशात असे काम झाले आहे काय? शरीराच्या वाढीचे तर महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आयांपासून सुरुवात केली आणि त्यांच्या मुलांचा ती मोठी होईपर्यंत पाठपुरावा केला. वर्तणुकीचे काम बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या पुढाकाराने देशातल्या सात केंद्रांत झाले. चंडीगढ, इम्फाळ, कोलकाता, ऋषी व्हॅली, म्हैसूर आणि बंगळूरमधील दोन, अशी ती केंद्रे. महाराष्ट्रातले एकही नाही. बाहेर उमटणारी वागणूक आणि पुढे लागणारी व्यसने यांची मुळे शोधावी, हा त्यांचा उद्देश. त्यांची युक्ती चांगली आहे. एका मुलाच्या मागे सहाव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत जाण्याऐवजी त्यांनी ६ ते ११, १२ ते १७ आणि १८ ते २३ अशा तीन वयांचे गट एकाच वेळी घेतले, त्यांना थोड्या वर्षांच्या अंतराने पुन्हा पाहिले, आणि तुकडे जोडून लांब रेषा तयार करावयाची असे ठरविले. शिवणारी बाई लहान तुकडे जोडून गोधडी करते, तसे. शिवण नीट बसली की नाही हे मात्र तपासावे लागते, कारण आजचे सहा वर्षांचे मूल आणि सहा वर्षांचे असतानाचा आजचा तरुण यांचे जग एक नव्हते. एकाच्या हातात मोबाईल आहे, दुसऱ्याच्या हातात नव्हता.

अशा कामातली सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे मुले मध्येच निघून जातात. दीपनगरला बदली होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांतली, चाळीसगाव भागातल्या तांड्यांवरची मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर जागा रिकामी आणि उन्हाळ्यापर्यंत परत नाही. समजा, वर्गातली सर्वांत त्रस्त पाच मुले अशी निघून गेली. मार्चमध्ये वर्गाची सरासरी सुधारलेली दिसेल. गुरुजी खूश, साहेब खूश. प्रत्यक्षात एकही मूल सुधारलेले नाही. ज्यांचे आकडे मोठे होते ती मोजायला उरली नाहीत. डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ साली गैरहजर आकड्यांचे नियम नीट मांडले. त्यांतली शिक्षकाच्या कामाची गोष्ट अशी की गैरहजेरीचे कारण लिहून ठेवावे. बदली, ऊसतोड, आजार, की शाळेत मार बसतो म्हणून येईना. कारण कळले तर गणिताला थोडीफार दुरुस्ती करता येते. नुसती रेघ मारून ठेवली तर नाही.

आपल्या राज्यात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहावयाच्या ठरल्या. कल्पना उत्तम होती. पुढे बाजारात तयार नोंदींची पुस्तके आली आणि 'इतरांशी मिळून मिसळून वागतो' हे वाक्य साऱ्या जिल्ह्यातल्या मुलांना एकसारखे लागू झाले! दोष एकट्या शिक्षकाचा नाही. चार वर्गांना दोन शिक्षक असले की नोंदी कोण लिहिणार? पण रेषेसाठी वाक्यांची गरजच नाही. तारीख, एक खूण, आणि कारण माहीत असेल तर दोन शब्द. सारा वर्ग नको, ज्यांची काळजी वाटते ती तीन-चार मुले पुरेत. पाहणारा एकच असावा आणि चांगल्या आठवड्यांचीही नोंद व्हावी, एवढे दोन नियम पाळले तर वर्षाअखेर वहीत कामाची गोष्ट निघते. मुलांसाठी रोज लिहिण्याची परंपरा तर खानदेशातलीच आहे. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढीत असत.

दीपनगरच्या त्या बाईंना मी सुचविले की घरात भिंतीवर कॅलेंडर असेलच, त्यावर भांडणाच्या दिवशी एक फुली करा. दुधाचा हिशेब त्या तिथेच लिहीत, त्यामुळे अवघड गेले नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी मला सुचली नव्हती. वर्गशिक्षिकेला दुसरे एक कॅलेंडर नेऊन दिले. बाई जरा खट्टू झाल्या, पण घेतले. जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत शाळेच्या कॅलेंडरवर अकरा फुल्या होत्या, घरच्यावर सहा. नोव्हेंबर ते जानेवारीत शाळेच्या चार, घरच्या पाच. फेब्रुवारीत शाळेत पुन्हा सहा. त्या महिन्यात वडिलांना सलग रात्रपाळी होती आणि दिवसा घरात आवाज करायचा नाही असा दंडक होता. आईने समासात 'नाईट' असे लिहून ठेवले होते. मार्चमध्ये एक. एका मुलाच्या एका वर्षावरून सिद्ध काही होत नाही, हे मी त्यांना सांगितले. वर्गशिक्षिकेने मात्र फेब्रुवारीतला 'नाईट' हा शब्द दोनदा वाचला आणि मुलाला पुढे तिसऱ्या बाकावर, एका शांत मुलाशेजारी बसविले.

जूनमध्ये वडिलांची बदली पारसला झाली. दाखला आणायला बाई शाळेत गेल्या तेव्हा 'वर्तणूक' च्या रकान्यात नेहमीप्रमाणे 'चांगली' असे लिहिलेले होते. त्यांनी दाखल्याची घडी घातली आणि दोन्ही कॅलेंडरांच्या गुंडाळीत ठेवून दिली.